तिसरा खड्डा

उल्रिकेनं फावडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. तिच्यासमोर तिचा नवरा ट्राउगोट, म्हणजे माझा धाकटा दीर, हात पुढं करून उभा होता. सहावा महिना लागलेली बाई, तिच्याशी झोंबाझोंबी तरी कशी करणार? आमची दोन्ही घरं एकाच अंगणात, मधे विहीर. मी दारात बसून पिंपात घालायचा कोबी चिरत होते. थोडा वेळ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण आवाज चढायला लागले तशी सुरी खाली ठेवली आणि हात पुसत तिकडं गेले.

“सोड की गं,” ट्राउगोट म्हणत होता. “मान्सं खोळंबल्याती तिकडं.”

“खोळंबू द्या.”

“चिठ्ठी माज्या नावाची निघाली. त्याला मी काय करू?”

“मोठा खना. दोन खना, तीन खना. ल्हान तुमी खनायचा न्हाई.”

“मोठ्याला दुसरी मान्सं हायेत. ल्हान माज्या वाट्याला आलाय.”

“मागं बी तुमच्याच वाट्याला आलावता,” उल्रिके म्हणाली. “इसरलासा?”

ट्राउगोटचा पुढं केलेला हात खाली आला. तो विसरला नव्हता. आमच्यात कुणीच विसरलं नव्हतं.

इथं मिनेसोटात नोव्हेंबर सरता सरता जमीन गोठायला लागते, आणि जानेवारीत तर पार चार फुटांपर्यंत दगड होते. टिकाव मारला तर ठिणगी उडते. जुन्या देशी, पोमेरानियात, असलं काही नव्हतं. तिथं माणूस कधीही मरायला मोकळा होता. इथं आल्यावर पहिली काही वर्षं हिवाळ्यात मेलेलं माणूस पेटीत घालून धान्याच्या कोठीत ठेवायचे आणि एप्रिलात पुरायचे. हुल्डा बोल्ड्टचं लेकरू असंच जानेवारीत गेलं. तीन महिने ते कोठीत होतं आणि हुल्डा रोज केरसुणी घेऊन कोठीत जाऊन बसायची. कशाला, तर उंदीर हाकलायला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्या वसंतात चर्चच्या मंडळीनं ठरवलं, की इथून पुढं कणसं सोलून झाली की तीन खड्डे आधीच खणून ठेवायचे. दोन मोठे आणि एक लहान.

कुणासाठी, ते कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या कबरस्तानात घराण्याची वेगळी जागा नाही. जो ज्या क्रमानं जाईल त्या क्रमानं ओळीत झोपायचं. लेकरांची ओळ तेवढी निराळी, चर्चच्या मागं, उत्तरेला. कोणी खणायचं याच्या चिठ्ठ्या टाकतात. खड्ड्यावर फळ्या, फळ्यांखाली गवत, आणि निघालेली माती बर्फ लागू नये म्हणून छपरात नेऊन टाकायची. एकदा फळ्या पडल्या की गरज लागेपर्यंत त्या कोणी उचलत नाही. वाकून आत बघितलं तर आपल्याच घरातलं माणूस जातं, असं मानतात. पास्टर म्हणतात ही सगळी अडाणी समजूत आहे. पण मी नऊ वर्षं बघतेय, तेसुद्धा कधी वाकत नाहीत.

चार वर्षांपूर्वी लहान खड्ड्याची चिठ्ठी ट्राउगोटच्या नावाची निघाली. त्यानं मन लावून खणला, कडा तासून घेतल्या. फेब्रुवारीत त्यात त्याचाच अकरा दिवसांचा मुलगा गेला. पुढं एक मुलगी झाली, ती दीड वर्षाची होऊन ऐन उन्हाळ्यात गेली. आता हे तिसरं पोटात होतं, आणि चिठ्ठी पुन्हा त्याचीच.

“दुसऱ्या कुनाला सांगा की,” उल्रिके म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता आणि तेच मला ऐकवत नव्हतं.

“कुनाला सांगू? ज्येच्या घरी लेकरू हाय त्यो घील का बदलून? आन् ज्येच्या घरी न्हाई त्यो म्हातारा गोटलीब. त्येला घंटा वाजवताना धाप लागती.”

तेव्हा मी अक्कल पाजळली. कुणी मला विचारलं नव्हतं. पण गप्प बसणं हा माझा गुण नाही.

“भावजी,” मी म्हणाले, “फळ्या कुनी उचलून बगतं का?”

“न्हाई.”

“मग खाली खड्डा हाय का न्हाई, हे कुनाला कळायचं?”

ट्राउगोट भला माणूस, पण त्याच्या डोक्यात गोष्ट शिरायला वेळ लागतो. शिरली तसा तो घाबरला.

“वहिनी, दादानं इचारलं तर?”

दादा म्हणजे माझा नवरा लेब्रेख्त. मंडळीचा पंच. खोटं बोलणं तर सोडाच, खोटं ऐकलं तरी त्याला अपचन होतं.

“तुमच्या दादाला मी ईस वर्सं फसवतीया,” मी म्हणाले. “तुमी येकदा फसवा.”

“आन् कुनाचं लेकरू गेलं तर?”

“तीन हिवाळं ल्हान खड्डा रिकामा ऱ्हायला. आपनच बुजवलाय न्हवं वसंतात? हा बी तसाच जाईल. वर गवत, वर फळ्या. पोटुशी बाई निवांत झोपंल.”

उल्रिके माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं फावडं आपण होऊन त्याच्या हातात दिलं.

ते काम सोपं निघालं. लेकरांची ओळ चर्चच्या मागं असल्यामुळं मोठे खड्डे खणणाऱ्यांना ती दिसत नव्हती. ट्राउगोटनं मापासाठी ठोकलेल्या चार खुंट्यांच्या आत वीतभर गवताळ माती खरवडून काढली, जागेवर कोरडं गवत पसरलं आणि फळ्या टाकल्या. ओढ्याकाठची चार ढकलगाडे रेती छपरात नेऊन ओतली. संध्याकाळी सगळे बार्लीची कॉफी प्यायला शाळेत जमले, तेव्हा लेब्रेख्तनं विचारलं, “धाकट्या, झाला का?” आणि ट्राउगोट म्हणाला, “झाला.” पुढच्या रविवारी, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून झाल्यावर, माझा नवरा चर्चमध्ये उभा राहिला आणि त्यानं मंडळीला सांगितलं, की तिन्ही तयार आहेत, देव करो आणि लागू नयेत. मी बायकांच्या बाजूला बसले होते. खरं सांगते, मला लाज वाटली नाही. उल्रिकेच्या गालावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता आणि तो मी आणला होता.

डिसेंबरात म्हातारी बुश्के गेली. एक मोठा खड्डा लागला. ब्याऐंशी वर्षांची होती, सुनेला वैताग आणून गेली, कोणी फार रडलं नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लेकरांनी झाडापुढं उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. माझी धाकटी टिली पाच वर्षांची, आणि तिच्या जोडीला पास्टरांची लीडिया, सहा वर्षांची. दोघी हात धरून उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या ओळीला दोघीही अडल्या. मग एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या, की पास्टरांनाही तोंडापुढं पुस्तक धरावं लागलं. त्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, की ओढ्यापलीकडं स्वीडिश लोकांच्या वस्तीत आजार आलाय.

जानेवारीच्या तीन तारखेला टिली पाव खाता खाता थांबली आणि म्हणाली, “आये, पाव टोचतोय.”

मी तिला खिडकीशी नेलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि आत बघितलं. घशाच्या मागं करड्या रंगाचा ठिपका होता, नखाएवढा. घटसर्प. मी चमचा खाली ठेवला. दोन्ही हात काखेत धरले, पोरीला दिसू नयेत म्हणून.

लेब्रेख्तनं फाटकाला लाल चिंधी बांधली. थोरली मार्था चौदा वर्षांची, तिला त्याच घटकेला ट्राउगोटकडं पाठवली. आता आमच्या घरात कोणी येणार नव्हतं आणि आमच्यातलं कोणी बाहेर जाणार नव्हतं. ट्राउगोट रोज सकाळी दुधाची बरणी कुंपणाच्या खांबावर ठेवायचा आणि लांबूनच ओरडून विचारायचा. मी दार किलकिलं करून सांगायची. डॉक्टर अठरा मैलांवर, आणि मधे छातीइतकं बर्फ. कोंबडीच्या पिसानं घशाला रॉकेल लावायचं, गळ्याला हंसाची चरबी चोळायची, गंधकाची भुकटी काडीतून फुंकायची, एवढंच आमच्या हातात होतं. प्रत्येक वेळी ती मला चावायची. चावली की मला बरं वाटायचं, अंगात अजून जोर आहे म्हणून.

पहिले दोन दिवस माझ्या मनात एक खुळी गोष्ट घर करून होती, ती सांगते. मला वाटायचं, खड्डाच नाही, तर जाणार कुठं? लहान खड्डा खणलेला असता तर मी भ्याले असते. खणलेला नाही, म्हणजे देवाच्या यादीत यंदा लहान कोणी नाही. असं मी स्वतःला सांगत होते आणि भांडी घासत होते.

तिसऱ्या दिवशी ठिपका पसरला. चौथ्या दिवशी घशात आतून करडा पडदा धरला आणि गळा सुजून हनुवटीला टेकला. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजायचा.  मी तिच्या खाटेशी बसून मोजत होते. झोपायची भीती वाटत होती. मी झोपले आणि ती शिट्टी थांबली तर कोण ऐकणार?

त्या दुपारी लेब्रेख्त माझ्यामागं येऊन उभा राहिला. तो फार बोलणारा माणूस नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आउगुस्टे, वंगाळ बोलू न्हाई. पन येक हाय. हुल्डावानी येळ आपल्यावर यायची न्हाई. जागा तयार हाय. धाकट्यानं नीट खनला असंल, त्येचा हात चांगला हाय.”

तो मला धीर देत होता. वीस वर्षांत त्यानं मला इतक्या मायेनं कधी धीर दिला नव्हता. आणि मी त्याच्याकडं बघूसुद्धा शकले नाही. जिभेवर आलं होतं, की तिथं काही नाही, वीतभर गवत आहे, आणि ते माझ्या अकलेनं आहे. पण मी गिळलं. बोलले असते तर तो त्याच घटकेला जाऊन पास्टरांच्या दारात उभा राहिला असता, आणि मला तो इथं हवा होता, खाटेजवळ.

तेव्हापासून माझी भीती उलटी फिरली. आता मला कोठी दिसायला लागली. आमचीच कोठी, ओटची पोती, आणि पोत्यांवर ठेवलेली पेटी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. माळ्यावर उंदरांची पळापळ आम्ही सगळा हिवाळा ऐकतो, त्याचं कोणी काही वाटून घेत नाही. त्या दिवशी मी ती ऐकली आणि उठून हातात केरसुणी घेतली. मग माझ्या लक्षात आलं मी काय धरलंय, आणि मी ती चुलीत घातली.

पाचव्या दिवशी सकाळी दुधाची बरणी खांबावर होती, पण ट्राउगोटची हाक आली नाही. अकराच्या सुमाराला लेब्रेख्त खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “चर्चमागं धूर कसला?”

आमच्या घरापासून कबरस्तान म्हणजे एक शेत ओलांडलं की झालं. मी बघितलं. चर्चच्या उत्तरेला सरळ वर जाणारा काळा धूर होता. मला लगेच कळलं.

“गोटलीब कचरा जाळत असंल,” मी म्हणाले. “मी बगून येते. तुमी हिच्यापासनं हलू नका.”

“लाल चिंधी हाय फाटकाला.”

“कुनाजवळ जात न्हाई मी.”

शाल घेतली आणि बर्फातून सुटले. कमरेइतकं होतं, पडले, उठले. चर्चच्या कोपऱ्यावरून वळले तर फळ्या बाजूला टाकलेल्या, ओकचे ओंडके रचून जाळ केलेला, आणि ट्राउगोट एका कडेचे निखारे सारून टिकाव घालत होता. त्याच्या भुवयांवर बर्फ होतं आणि कपाळावर घाम.

“भावजी, ह्ये काय चालवलंय?”

त्यानं वर बघितलं नाही. “लांब ऱ्हावा वहिनी, ठिनग्या उडत्यात.”

“माजी पोर जित्ती हाय.”

“ठावं हाय.”

“ऐकू येतंय का? जित्ती हाय. आत्ता तिला सोडून आले, दम घेतीया ती.”

“ठावं हाय वहिनी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. “तवा मी म्हनलं, कुनाचं लेकरू गेलं तर? तवा त्ये कुनाचं तरी व्हतं. आता टिली हाय. रातसार माज्या डोळ्याला डोळा न्हाई. दादा फळ्या उचलनार आन् खाली बगनार. त्येच्या हातात पेटी असनार आन् खाली भुई.”

मी पुढं होऊन त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. चांगले ताकदीनं घातले. त्यानं खाऊन घेतले, वळला नाही. तिसरा घालायला हात उचलला आणि माझी नजर खाली गेली. पहाटेपासून जाळ करून, खणून, दीड वीत झालं होतं. लागणार होतं साडेचार फूट. मी मनात हिशेब केला, की या चालीनं तीन दिवस, आणि टिलीजवळ किती आहेत? तो हिशेब मी केला. आईनं तो करायचा नसतो, पण मी केला.

मग मी दुसरा टिकाव उचलला.

“हिकडच्या कोपऱ्याला जाळ कमी हाय,” मी म्हणाले. “लाकडं हिकडं सारा.”

त्यानं सारली. आम्ही दोघं खणत होतो. माती निघायची ती लाडवाएवढ्या गोठलेल्या तुकड्यांनी. माझी पोर पलीकडं श्वास ओढत होती आणि मी तिच्या मापाच्या चार खुंट्यांत टिकाव मारत होते, आणि प्रत्येक घावाला मनात म्हणत होते, लागू नको, लागू नको, लागू नको. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. समुद्र ओलांडताना वादळात जहाज आडवं झालं होतं, तेव्हासुद्धा नाही.

कुंपणाशी घसरगाडीचा आवाज आला. उल्रिके. एवढं मोठं पोट घेऊन लाकडांची गाडी ओढत आली होती.

“तितंच थांब,” मी ओरडले. “माज्या अंगावर आजार हाय. येक पाऊल पुढं टाकलंस तर तंगडं मोडीन.”

ती थांबली. गाडी पायानं ढकलून आमच्याकडं सरकवली.

“आक्का, माज्यापायी झालं ह्ये सगळं.”

“तुज्यापायी कसलं? अक्कल माजी व्हती.”

“मला रोज वाटायचं, खड्डा न्हाई म्हनून मी वाचले,” उल्रिके म्हणाली. “मला वाटायचं, मी देवाला फसवलं. आन् त्येनं तुमच्या दारात हात घातला.”

“गप बस. देव काय आपल्यासारखा रिकामा हाय?”

असं मी तिला म्हणाले. पण माझ्या मनातही तेच होतं, पाच दिवस.

तेवढ्यात ट्राउगोट टिकाव टाकून सरळ उभा राहिला. मी त्याच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. शेतातून लेब्रेख्त येत होता. पळत येत होता, आणि त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

आमच्यात पुरुष थंडीत टोपी काढतो ती चर्चमध्ये आणि मेलेल्या माणसापुढं. माझ्या हातून टिकाव गळाला.  तो मला दिसत होता आणि तो येऊ नये असं मला वाटत होतं. तो पोहोचेपर्यंत ती जिवंत होती. त्यानं बोलेपर्यंत ती जिवंत होती.

तो कुंपणाशी आला, खांबाला धरून वाकला. धाप लागून त्याला शब्द फुटेना.

“पडदा,” तो म्हणाला. “पडदा निघाला. खोकली, आन् अख्खा भायेर पडला. माज्या हातावर. लापशी मागतीया.”

मी बर्फात बसले. उल्रिके कुंपणापलीकडं मोठ्यानं रडायला लागली. ट्राउगोट तोंड फिरवून उभा राहिला. आणि मग लेब्रेख्तचा श्वास जागेवर आला आणि त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. जाळ. फळ्या. दीड वीत खरवडलेली जमीन. दोन टिकाव, त्यातला एक माझा.

त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. तो पंच आहे, पण मठ्ठ नाही. आधी ट्राउगोटकडं बघितलं, मग माझ्याकडं बराच वेळ.

“मी मंडळीपुढं उभा ऱ्हाऊन सांगितलं,” तो म्हणाला. “तिन्ही तयार हायेत.”

“व्हय,” मी म्हणाले.

“घरी जा. लापशी कर. येकटी हाय ती.”

“आन् तुमी?”

त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला. “सांगितलंय मंडळीला,” तो म्हणाला, आणि माझा टिकाव उचलला.

चार दिवस दोघं भाऊ खणत होते. रात्री निखाऱ्यांवर राख लोटायचे आणि सकाळी पुन्हा ओंडके. धूर बघून लोक लांबून विचारायचे. लेब्रेख्त सांगायचा, की खड्ड्यात पाणी शिरून बर्फ झालं होतं, ते काढतोय. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते माझ्यासाठी. घरी आल्यावर जेवायचा नाही, टिलीच्या खाटेशी बसून तिला चमच्यानं भरवायचा. माझ्याशी बोलत नव्हता, पण तिला भरवून उरलेली लापशी माझ्यापुढं सारायचा.

टिली उठून बसायला लागली त्या दिवशी कळलं, की पास्टरांच्या फाटकालाही लाल चिंधी आहे.

त्या रात्रीपासून मला पुन्हा झोप नव्हती. पहिल्या दिवशी तो खड्डा टिलीचा होता. मग दोन दिवस तो कुणाचाच नव्हता, आणि खणणाऱ्यांचे हात हलके झाले होते. आता त्याला पुन्हा नाव यायला लागलं. मी लेब्रेख्तला म्हणाले, थांबवा, अर्धा राहू दे. तो म्हणाला, “अर्धा ऱ्हायला तर ती काय बरी व्हनार हाय?” आणि गेला. लीडियाचा पडदा बाहेर न पडता आत, श्वासाच्या वाटेत सरकला. ती तिसऱ्या दिवशीच गेली. आदल्या संध्याकाळी ट्राउगोटनं तळ साफ करून शेवटचे निखारे बाहेर काढले होते आणि फळ्या टाकल्या होत्या.

आजाराचं प्रेत म्हणून दुसऱ्याच सकाळी पुरलं. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. पास्टरांनी स्वतःच वाचलं. पास्टरीणबाईंना दोघींनी धरलं होतं. म्हाताऱ्या गोटलीबनं पेटी खाली सोडताना आत उतरून ती नीट बसवली, आणि वर येऊन हात कोटाला पुसत पास्टरांच्या कानाशी काहीतरी बोलला. मी तिथं उभी होते, माझ्या घरी टिली खिडकीतून अंगणातल्या मार्थाशी भांडत होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्या पाण्याखाली मला बरं वाटत होतं. माझी नाही म्हणून. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ते कळलं तेव्हा मी स्वतःलाच भ्याले.

मार्चमध्ये उल्रिके बाळंत झाली. मुलगा, नऊ पौंडांचा, त्यानं रडून दोन्ही घरं डोक्यावर घेतली. पण मला त्या पोराला हातात घ्यायचं बळ होईना. उल्रिकेला वाटलं मी तिच्यावर रागावले आहे.

ईस्टरच्या आठवड्यात प्रभुभोजन असतं. आमच्यात त्याला बसायचं तर आधी पास्टरांकडं जाऊन नाव द्यावं लागतं. ते वही उघडून बसतात आणि प्रत्येकाला एकच विचारतात, मनावर काही आहे का. माणसं ‘न्हाई’ म्हणतात, ते नाव लिहितात, पुढचा येतो. मी सगळ्यांत शेवटी गेले. तीन महिन्यांत ते दहा वर्षांनी थकले होते.

“मनावर काही आहे का, आउगुस्टेबाई?”

मी सगळं सांगितलं. फावडं, फळ्या, रेती, माझी अक्कल. जाळ करून खणलं ते, कुणासाठी खणलं ते. आणि मग तेही सांगितलं. “पास्टरसाहेब, लीडियाला खाली सोडत व्हते तवा मला बरं वाटलं. माजी न्हवं म्हनून. आजून वाटतं. रोज सकाळी टिली उठली की वाटतं.”

ते वहीकडं बघत होते. मला वाटलं आता वही मिटणार. मिटली असती तर मी काही म्हणाले नसते. बाहेर छपरावरून वितळलेलं पाणी ठिबकत होतं.

“गोटलीब आत उतरला होता,” ते शेवटी म्हणाले. “वर येऊन मला म्हणाला, माती उबदार आहे. जानेवारीत. मला वाटलं, म्हातारा माझं मन राखायला बोलतोय.”

“न्हाई पास्टरसाहेब,” मी म्हणाले. “व्हतीच. चार दीस जाळ व्हता. तळापातुर कोरडी आन् उबदार व्हती.”

त्यांनी मान हलवली. दोनदा हलवली. मग दौतीत टाक बुडवला आणि माझं नाव लिहिलं.